जपूनकाकांचा कॉम्प्युटर

जपूनकाकांचं खरं नाव विचारलंत तर गल्लीतली निम्मी माणसं डोकं खाजवत बसतील. काका काच बसवणारे. खिडक्यांची तावदानं, दुकानांच्या दर्शनी काचा, कपाटांचे आरसे, फोटोंच्या चौकटी. काम कुठलंही असो, तोंडात एकच शब्द: जपून. दार उघडणाऱ्याला जपून, शिडी धरणाऱ्याला जपून, पायात घोटाळणाऱ्या मांजरालासुद्धा जपून. लोकांनी तेच नाव ठेवलं आणि काकांनीही ते मुकाट्याने घेतलं. त्यांच्या बायकोला मग ओघानेच जपूनकाकू म्हणायला लागले, आणि इथे मात्र गल्लीचा नेम साफ चुकला. काकूंच्या बोलण्यात जपून असं काही नव्हतंच. सकाळी डोळे उघडले की तोंडाचा पट्टा सुरू. दूधवाल्याशी बोलायच्या, जिना झाडणारीशी बोलायच्या, चुकून फोन लागलेल्या माणसाशी त्याची मुलं कितवीत आहेत इथपर्यंत बोलायच्या. आणि कुणीच नसलं तर गॅसवरच्या दुधाला दम भरायच्या, "आज उतू गेलंस ना, तर बघ हं!"

काका मुळात अबोल. लग्न झालं तेव्हाच घरातलं बोलायचं खातं काकूंकडे गेलं आणि ऐकायचं काकांकडे. पुढे दोघांनीही कधी खाती बदलून मागितली नाहीत. काकांच्या वतीनेही काकूच बोलायच्या. "ह्यांना तुमची ही काच पसंत नाही, पण ते सांगायचे नाहीत, म्हणून मी सांगते," असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगून मोकळ्या. काका तिथल्या तिथे लाजेने अर्धे व्हायचे. पण खरं सांगायचं तर त्यांना ते ऐकायला फार आवडायचं. कामावरून परतताना जिन्यात काकूंचा आवाज कानावर पडला की त्यांची चाल आपोआप सावकाश व्हायची. तेवढंच जास्त ऐकायला मिळतं म्हणून.

अशा बाईचा आवाज जायला लागला. आता काय म्हणावं ह्याला! गप्प बसली तर जगाचं भलं होईल अशी कितीतरी माणसं आहेत, त्यांच्या घशाला कधी काही होत नाही.

आधी जीभ जड झाली. मग बोलताना 'स' आणि 'च' घसरायला लागले. काकू म्हणाल्या, "नवीन दात बसवलाय ना, त्याचं आहे ते." मग पाणी पिताना ठसका लागायला लागला. तपासण्या झाल्या, पुन्हा तपासण्या झाल्या, आणि शेवटी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की जिभेचे आणि गळ्याचे स्नायू हळूहळू दमत जाणार. औषधाने वेग थोडा कमी होईल, पण थांबणार नाही. आवाज सगळ्यात आधी जाईल. "तुमच्या हातात ह्यात काही नाही," डॉक्टर काकांना म्हणाले. चांगल्या मनानेच म्हणाले. पण जन्मभर हातांवर जगलेल्या माणसाला असं सांगितलं तर त्याने ते हात ठेवायचे कुठे? काका घरी आले आणि भिंतीकडे बघत बसले. जेवायला वाढलं की दोन घास खाऊन उठायचे.

त्याच इस्पितळात बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी एक वाट दाखवली. एक प्रोग्राम असतो म्हणे. आवाज आहे तोवर काकूंनी त्यातली वाक्यं माइकसमोर एकेक करून वाचायची. वाक्यं पुष्कळ असतात, रोज सकाळी ताजंतवानं असताना थोडी थोडी वाचून पुरी करायची. त्यावरून तो प्रोग्राम त्यांचा आवाज शिकतो. पुढे बोलता आलं नाही तरी काकूंनी नुसतं टाइप करायचं, आणि कॉम्प्युटर ते बोलून दाखवणार, काकूंच्या आवाजात.

"माझ्याच?" काकूंनी विचारलं.

"तुमच्याच."

"म्हणजे ह्यांची सुटका नाही तर!" काकू म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी तिघंही हसली.

मॅडमनी दोन गोष्टी मात्र बजावून सांगितल्या. प्रोग्राम जड आहे, तो फोनवर किंवा जुन्यापान्या मशीनवर चालत नाही. नवा दणकट कॉम्प्युटर घ्या, तो पुढे घरात रोजच लागणार आहे. आणि उशीर करू नका. "ज्या दिवशी वाचाल त्या दिवशीचाच आवाज मिळतो," त्या म्हणाल्या. "मागचा परत आणता येत नाही."

मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात, आणि जावई कॉम्प्युटरच्याच नोकरीत. तिने फोनवर लगेच सांगितलं, "बाबा, तुम्ही काही करू नका. तयार मशीन घेऊन हे येतील आणि लावून देतील." इतकं सरळ होतं. पण काका म्हणाले, "बघतो." काकांचं 'बघतो' म्हणजे 'नाही', हे मुलीलाही माहीत होतं. जावयाला आपल्या घरी गुडघ्यांवर बसून वायरी लावायला लावणं त्यांच्या जिवावर आलं होतं, हे एक. आणि दुसरं जे होतं ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

ते दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदार मोठा बोलघेवडा, पाठदुखीमुळे कायम पट्टा बांधून बसलेला. त्याने काय काय लागेल ते काढून ठेवलं आणि सहज विचारलं, "जोडून देऊ, की सुटे भाग नेताय?"

"घरी जोडता येतो?"

"हल्ली बरेच जण जोडतात हो. व्हिडिओ असतात. सगळं आपापल्या खाचेत बसतं, दुसरं आहे काय त्यात!"

खाचेत बसतं! झालं, काकांना तेवढंच हवं होतं. खाचेत वस्तू बसवणं हे एकच काम तर ते जन्मभर करत आले होते. बायकोच्या आवाजासाठी आपले हात काहीतरी करू शकतात, ह्या एका विचाराने माणसाच्या अंगात पुन्हा जीव आला. एका बाजूला काच असलेलं कॅबिनेट त्यांनी निवडलं. ती काच बोटाने टिचकी मारून पाहिली आणि मान डोलावली. सगळी खोकी रिक्षात न ठेवता हातात धरून, दोन खेपा करून, ते चालत घरी घेऊन आले. आणि त्या दुपारी पोटभर जेवले.

आता काच बसवणाऱ्याच्या हातांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर पुढचं कळायचं नाही. काच चौकटीत कधीच गच्च बसवत नाहीत. चहूबाजूंनी बारीकशी फट ठेवतात, मग कडेने लांबी, म्हणजे पुट्टी, भरतात. ऊन लागलं की काच वाढते, लाकूड फुगतं, आणि हलायला जागा नसली की ती एक दिवस आपोआप तडकते. म्हणून काच दाबायची नसते, ठेवायची असते. हाताला जरा अडकल्यासारखं लागलं की थांबायचं. अजून जरा दाबू म्हणालात की 'कट्' असा बारीक आवाज येतो. तो आवाज आला की संपलं, काच गेली. उमेदवारीत असताना काकांनी तो आवाज ऐकला होता आणि त्याबद्दल उस्तादाचा असा मार खाल्ला होता की पुढे त्यांच्या हातून तो आवाज फारसा आलाच नाही. त्यांच्या बोटांना तो येण्याच्या आधीच कळायचा. बोटं आपणहून थांबायची.

खिडकीखालच्या टेबलावर काकांनी जुनी चादर अंथरली आणि एकेक भाग मांडला. व्हिडिओ बघून घेतला होता. त्यात एक दांडगा तरुण मागे गाणं लावून भराभर भाग ठोकत होता. रॅमची पट्टी त्याने दोन्ही अंगठ्यांनी अशी काही दाबली की काका कळवळले. "राक्षस आहे नुसता," ते म्हणाले. "ह्याच्या हातात कुणी काच देईल का?"

"तुम्ही कॉम्प्युटर जोडताय की बाळाला अंघोळ घालताय?" काकू शेजारी बसून म्हणाल्या. जीभ जराशी अडखळत होती, पण बोलणं सगळं कळत होतं. "पुसताय काय एवढं! नवीन आहे ते." मग त्या आपण कुठली वाक्यं वाचू, आवाज बसका आला तर काय, पुढे टाइप करून कुणाकुणाला काय काय सुनावू, ह्याच्या गप्पा मारत बसल्या. काका ऐकत होते आणि एकेक भाग हलकेच खाचेत ठेवत होते. रॅमची पट्टी त्यांनी खाचेवर धरली, सरळ खाली नेली, अडकल्यासारखं वाटलं, आणि बोटं थांबली. छान बसली, त्यांना वाटलं.

बटण दाबलं. पंखे फिरले, आत दिवे लागले, आणि काकूंनी टाळ्या वाजवल्या. मग दोघं मॉनिटरकडे बघत बसली. काळा पडदा. त्यावर थोड्या वेळाने अक्षरं आली, 'सिग्नल नाही', आणि तीही विझून गेली.

"दमलं असेल," काकू म्हणाल्या. "नवीन घरात आलंय बिचारं."

काकांना हसू आलं. पहिलाच दिवस होता, हसू येण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वायर बदलली. मग मॉनिटर शेजाऱ्यांच्या मशीनला लावून पाहिला, तो ठणठणीत. मग सगळं उतरवलं, पुसलं आणि पुन्हा लावलं. पंखे फिरायचे, दिवे लागायचे, पडदा काळाच. आतमध्ये रॅमच्या शेजारी एक बारीक पिवळा दिवा लागलेला असायचा. तो बघून काकांना धीर यायचा, की चला, इथपर्यंत तरी करंट पोचतोय. मग ते पॉवर सप्लाय पिशवीत घालून दुकानात गेले. दुकानदाराने लावून पाहिला, चांगला निघाला. मग रॅम नेली. दुकानदाराने ती काउंटरमागच्या आपल्या मशीनमध्ये खुपसली, मशीन सुरू झालं. मग मदरबोर्ड नेला. त्याला दुकानदाराने तिथेच आपली रॅम लावली, तोही सुरू झाला.

"काका, तुमचं सगळं सामान चांगलं आहे," दुकानदार म्हणाला. "माझी पाठ बरी असती तर घरीच आलो असतो. तुम्ही असं करा, अख्खं कॅबिनेट घेऊन या."

"काच आहे त्याला," काका म्हणाले. "रस्त्यात खड्डे आहेत."

"मग घरी एकदा सगळं घट्ट बसलंय का बघा."

"बसलंय," काका म्हणाले. आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्यांच्या हिशेबाने ते बसलं होतंच.

असे दिवस जात राहिले. हे वाचताना तुम्हाला राग येईल काकांचा, येऊ दे. पण जो माणूस एका तावदानासाठी अख्खी दुपार घालवतो आणि तेच त्याचं कौतुक असतं, त्याला चिकाटी सोड असं कुणी सांगायचं? त्यांच्या धंद्यात घाई करणाऱ्याचं नुकसान होतं. सावकाश काम करून काही बिघडलंय, असं त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. ते रोज सकाळी टेबलापाशी बसायचे, एकेक भाग उतरवायचे, भिंगातून बघायचे, फुंकर घालायचे आणि पुन्हा हलकेच ठेवायचे. जेवायला उठायचे ते चांगले भूक लागून. संध्याकाळी बाहेर चक्कर मारायचे तेव्हाही डोक्यात मदरबोर्डच. इस्पितळातून आल्यापासून चेहऱ्यावर जी अवकळा आली होती ती गेली होती. कोडं पडलं होतं, आणि कोडं सुटतं असा त्यांचा भरवसा होता.

ह्या सगळ्यात घर शांत होत गेलं ते काकांच्या ध्यानातच आलं नाही.

आधी काकू टेबलाशेजारी बसून बोलायच्या. मग नुसत्या बसायला लागल्या. काकांनी काही विचारलं की "हं" म्हणायच्या. भाजीवालीला दोनदा सांगून कळलं नाही तेव्हापासून बोट दाखवून घ्यायला लागल्या. दूध आता आपलं आपण तापायचं आणि आपलं आपण उतू जायचं. मुलीचा फोन आला की काकू तो काकांच्या हातात द्यायच्या आणि हातानेच खूण करायच्या, झोपलेय म्हणून सांगा.

"आई हल्ली फोनवर येतच नाही, बाबा. बरी आहे ना?"

"बरी आहे. दमते जरा."

"कॉम्प्युटर झाला का सुरू?"

"होईल दोन दिवसांत. सगळे भाग चांगले आहेत."

"बाबा, मी ह्यांना पाठवू का?"

"कशाला त्यांची रजा मोडतेस! दोन दिवस थांब."

काकू समोरच बसलेल्या असायच्या. काकांकडे बघत असायच्या. एकदा त्यांनी तोंड उघडलं, काहीतरी म्हणणार होत्या. पण काका नेमके तेव्हा पट्टी उजेडात धरून बघत होते, आणि त्यांचा चेहरा इतका रमलेला होता की काकूंनी तोंड मिटलं.

शेवटी जावयाला बोलावलं ते काकूंनीच. मुलीला लपून मेसेज केला, की बाबांना न विचारता जावईबापूंना पाठव. जावई दारात उभा राहिला तेव्हा काकांचा चेहरा पडला. "अहो जावईबापू, तुम्ही कशाला तसदी घेतलीत," असं म्हणत त्यांनी खुर्ची पुढे केली. जावई बिचारा गुणी. सासऱ्यांचा मान राखत आधी चहा प्यायला, इकडचं तिकडचं बोलला. सासूबाई बोलत का नाहीत म्हणून एकदा त्यांच्याकडे पाहून घेतलं. मग म्हणाला, "बाबा, मी नुसता एक नजर टाकू का?"

काकांनी कॅबिनेटची काच काढली, दोन्ही हातांनी, आणि पलंगावर उशीला टेकवून ठेवली. "जपून हं," ते म्हणाले.

जावयाने बटण दाबलं. पंखे फिरले. त्याने आत वाकून पाहिलं. "हा पिवळा दिवा कधीपासून लागतोय?"

"पहिल्यापासून. तिथपर्यंत करंट बरोबर येतोय."

जावयाने बटण बंद केलं, वायर काढली, आत हात घातला आणि रॅमच्या पट्टीवर दोन्ही अंगठे ठेवले.

"अहो, अहो, तुटेल!" काकांनी त्याचं मनगटच धरलं.

"नाही तुटत, बाबा. तो दिवा पट्टी नीट बसली नाही म्हणूनच लागतो, ही दाबावीच लागते." आणि त्याने जोर लावला.

कट्.

काकांनी डोळे मिटून घेतले. मग पलीकडच्या टोकाला पुन्हा एकदा, कट्. त्यांनी डोळे उघडले तेव्हा खाचेच्या दोन्ही टोकांचे चिमटे मिटलेले होते. आजवर ते उघडेच असायचे, आणि काकांना ते तसेच असतात असं वाटायचं. जावयाने वायर लावली, बटण दाबलं. पिवळा दिवा क्षणभर लागला आणि विझला, आणि पडदा उजळला.

एवढंच होतं. नुसत्या अंगठ्यांचं काम.

जावयाला काही बढाई मारायची नव्हती. "होतं असं, बाबा. आमच्याकडेही नवीन पोरं हेच करतात," तो म्हणाला. काका हसले, त्याच्या पाठीवर हात ठेवला, पुन्हा चहा ठेवायला आत गेले. कितीही झालं तरी मशीन सुरू झालं होतं, त्याचा आनंद होताच. जावयाने सगळं भरून दिलं, माइक लावला, मॅडमचा प्रोग्राम उतरवून घेतला. उद्या सकाळी वाचायला बसायचं ठरलं.

सकाळी काकूंनी केस नीट विंचरले, ठेवणीतली साडी नेसल्या. माइकसमोर बसायला साडी कशाला, असं जावई गमतीने म्हणाला, तर त्यांनी हाताने त्याला गप्प केलं. काका मागे उभे राहिले. खिडक्या लावून घेतल्या, पंखा बंद केला. पडद्यावर पहिलं वाक्य आलं: 'आज सकाळी हवा छान आहे.' काकूंनी दीर्घ श्वास घेतला आणि वाचलं.

वाक्य लाल झालं. खाली आलं: 'पुन्हा वाचा.'

काकूंनी पुन्हा वाचलं. पुन्हा लाल. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, ठसका लागला, तो ओसरू दिला आणि एकेक अक्षर सुटं करून वाचलं. 'सकाळी'तला 'स' नाकातून गेला, 'छान' तोंडातच विरघळलं. पुन्हा लाल. जावयाने ते वाक्य सोडून पुढचं काढलं. मग त्याच्या पुढचं. काकू वाचत राहिल्या. मागे उभ्या असलेल्या काकांना आता पहिल्यांदाच काकूंचा आवाज नीट ऐकू आला. किती दिवसांनी आपण हिला अख्खं वाक्य बोलताना ऐकतोय, हे त्यांच्या मनात आलं. हे कधी झालं? आपण तर घरातच होतो. एका हाताच्या अंतरावर होतो.

मॅडमना फोन लावला. त्यांनी काकूंना दोन वाक्यं वाचायला सांगितली आणि ऐकून घेतली. मग म्हणाल्या, की ह्यावरून आवाज तयार केला तर कॉम्प्युटरही असाच अस्पष्ट बोलेल, टाइप केलेलं कुणाला कळणार नाही. त्यापेक्षा यादीतला एखादा तयार आवाज घेऊ या. "भेटलात तेव्हा लगेच केलं असतं तर..." त्या म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. चांगली बाई होती.

जावई संध्याकाळी गेला. काका टेबलापाशीच बसून होते. काकू शेजारी येऊन बसल्या तेव्हा काकांना रडू फुटलं. जन्मात कधी मोठ्याने न रडलेला माणूस, हुंदके देऊन रडला.

"मी घालवला गं तुझा आवाज," ते म्हणाले. "आजाराने नाही, मी घालवला. एकदा दाबून बघायचं होतं फक्त. एकदा!"

काकूंनी त्यांचा हात धरला. मग त्या बोलल्या. ते बोलणं दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, काकांनाही तोंडाकडे बघत बघत समजून घ्यावं लागलं. "मला कळत होतं," काकू म्हणाल्या. "रोज थोडा थोडा जातोय, कळत होतं."

"मग बोलली का नाहीस? आयुष्यभर बोललीस, आणि एवढंच तेवढं नाही बोललीस?"

काकूंची जीभ दमली होती. "तुम्ही भिंतीकडे बघत बसायचात," त्या म्हणाल्या. "ही खोकी आणलीत आणि जेवायला लागलात. ते कसं मोडू? वाटायचं, आज होईल. उद्या होईल."

काकांनी काकूंचा हात कपाळाला लावला. एकमेकांना जपायच्या नादात दोघांनी जपायचं तेच घालवलं होतं, आणि आता दोघांपैकी कुणावर रागवायचं हेही कळेनासं झालं होतं. काकांनी स्वतःवर रागवायचं ठरवलं. त्यांना तेच सोपं होतं.

आवाज निवडायचं काम काकूंनी हौसेने केलं, निदान तसं दाखवलं. यादीत एक आवाज बातम्या देणाऱ्या बाईसारखा होता. तो ऐकून काकूंनी मान ताठ करून, भुवया उंचावून अशी काही नक्कल केली की काकांना हसावंच लागलं. एक कॉलेजातल्या मुलीसारखा होता. त्यावर काकूंनी काकांना डोळा मारला. शेवटी त्यांनी एक घेतला. पन्नाशीच्या बाईचा, स्वच्छ, शांत, थोडा जाड. चांगलाच आवाज होता. त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

काकू टाइप करायला शिकल्या आणि पटापट शिकल्या. आठवड्याभरात भाजीवालीला खिडकीतून ऐकू जाईल इतका आवाज मोठा करून भाव पाडायला लागल्या. मुलीशी फोनवर बोलायला लागल्या. मुलगी पलीकडे रडायची, पण बोलायची. मॅडम म्हणाल्या, इतक्या लवकर कुणाला जमत नाही. गल्लीत सगळ्यांना कौतुक वाटलं. काका पुन्हा कामावर जायला लागले.

एका दुपारी ते गॅलरीत बसून एका जुन्या चौकटीची लांबी खरवडून काढत होते. मन कामात होतं. आतून एका बाईचा आवाज आला, "अहो, जेवायला चला." काका खरवडत राहिले. थोड्या वेळाने पुन्हा, "अहो, जेवण गार होतंय." स्वच्छ, शांत, जरा जाड आवाज. काकांनी मान वर केली नाही. मग तिसऱ्यांदा नुसतंच, "अहो."

थोड्या वेळाने काकू स्वतः उठून आल्या, त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या, आणि त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. काकांनी दचकून वर पाहिलं.

"मला वाटलं शेजाऱ्यांकडे कुणी बाई आल्यात," ते म्हणाले, आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं.